म्या बघितलं न्हाई

आण्णा आयुष्यात कुणाला चांगलं म्हणाले असतील, तर ते मी ऐकलेलं नाही. आणि मी ऐकलं नाही म्हणजे ते झालंच नाही, असं मी खुशाल म्हणतो, कारण ही त्यांचीच शिकवण. त्यांनी शिकवलेलं निम्मं मी विसरलो आणि उरलेलं निम्मं शिकताना रडकुंडीला आलो, पण त्यांचं एक वाक्य मात्र हाडात मुरलं. "म्या बघितलं न्हाई." शेजारच्या म्हाताऱ्याची तब्येत विचारा, पौडला पाऊस झाला का विचारा, उत्तर ठरलेलं. "झाला म्हनत्यात. म्या बघितलं न्हाई."

आण्णा मुळशी तालुक्यातले. धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांचं गाव, भातखाचरं, चार म्हशी. सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. हा माणूस कोवळ्या वयात बापाशी भांडून बंदरावर गेला, खलाशी झाला, आणि टगचा मास्टर, म्हणजे कप्तान, होऊन निवृत्त झाला. टग म्हणजे काय हे मला आमच्या गावात अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही, तरी इथं प्रयत्न करतो. मोठ्या जहाजाला बंदरात स्वतःच्या बळावर वळता येत नाही. माल वाहणाऱ्या सपाट बार्जला तर पुष्कळदा इंजिनच नसतं. त्यांना दोर बांधून ओढायला एक बुटकी, रुंद, दांडग्या इंजिनाची बोट लागते, ती टग. आईला मी हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी ट्रॅक्टरच की रं." घरच्या दारात ट्रॅक्टर उभा असताना पोरगा ट्रॅक्टर चालवायला एवढ्या लांब का गेला, हे तिला आजतागायत कळलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

टगवर पहिल्या दिवशी मी पांढरा शर्ट आणि गॉगल घालून गेलो होतो. मला वाटलं होतं, जहाजावर असंच जातात. आण्णांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुटला रं तू?"

"घोटावड्याचा."

"घोटावड्याला समिंदर कवा आला?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातात ग्रीसचा डबा दिला आणि दोर ज्या हुकाला अडकवतात तो हुक दाखवला. दुपारपर्यंत शर्ट कोणत्या रंगाचा होता हे सांगायला साक्षीदार लागला असता.

पुढं मी हळूहळू त्यांच्या हाताखालचा अधिकारी झालो. पण अधिकारी आणि मास्टर यांच्यामध्ये परवाना नावाचा डोंगर असतो, आणि तो चढता चढता माणसाच्या नाकी नऊ येतात. आधी टगवर ठरावीक नोकरी भरावी लागते. मग डोळ्यांची तपासणी, कारण रात्री लाल आणि हिरवा दिवा ओळखता आला पाहिजे. डॉक्टरांनी ठिपक्यांच्या चित्रात लपलेला आकडा विचारला, तर मी घाबरून पानाचा नंबर सांगितला. मग आग विझवण्याचं प्रशिक्षण. आग विझली, पण माझी डावी भुवई तिच्याबरोबर गेली. मग लाइफ जॅकेट घालून उंचावरून तलावात उडी. ती मी मारली नाही, मागच्यानं ढकललं. प्रमाणपत्रावर मात्र 'उडी मारली' असंच छापून आलं, आणि मी ते आईला वाचून दाखवलं.

हे सगळं झालं की एक तक्ता भरायचा असतो. दोर बांधणं, बार्ज वळवणं, धुक्यात ओढणं, गर्दीतून ओढणं, अशी कामं ओळीनं लिहिलेली, आणि प्रत्येकापुढं परीक्षक मास्टरची सही. त्या मास्टरनं उमेदवाराला ते काम करताना स्वतः पाहिलेलं असावं, असा नियम. आता नियम सगळीकडेच असतात. बाकीचे मास्टर एका दुपारी चहा पिता पिता सगळ्या सह्या ठोकून मोकळे होत. माझ्या नशिबी आण्णा आले. धुक्यातली सही मिळायला मला दोन हिवाळे लागले, कारण पहिल्या हिवाळ्यात जे पडलं ते आण्णांच्या मते धुकं नव्हतं. "ह्ये धुकं व्हय? ह्ये चुलीचा धूर."

शेवटी एकच ओळ उरली. संकटात दोर सोडणं.

ते काय असतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. टगच्या मागं ओझं असतं आणि दोर सरळ मागं ताणलेला असतो, तोवर टग राणी. पण ओझं वाऱ्यानं किंवा ओढीनं बाजूला पळालं आणि दोर टगच्या कुशीवर आला, की ते ओझं टगलाच आडवं खेचतं. बैल कासऱ्यानं कुशीवर पाडावा तसं. विचार करायला वेळ नसतो. दोर सोडायचा किंवा तोडायचा, नाहीतर टग उलटून आतली माणसं तळाला. आणि सोडलेलं ओझं देवाच्या हवाली.

याची तालीम आम्ही नेहमी करायचो. आण्णा शिट्टी फुंकायचे, मी हुकाचा खटका ओढायचो, दोर सुटायचा. मी म्हणायचो, "झालं ना आण्णा? करा की सही." ते म्हणायचे, "ही तालीम. नाटकात मेलेला मानूस पडदा पडल्यावर उठून च्या पितो."

"मग काय टग उलटायची वाट बघू?"

"म्या तसं म्हनलो न्हाई. म्या बघितलं न्हाई, येवढंच म्हनलो."

आणि त्या ओळीवर घोडं अडलेलं असताना आण्णा निवृत्त झाले. निरोपाच्या हारातून त्यांची मान बाहेर यायच्या आत मी तक्ता पुढं केला. त्यांनी हार काढून माझ्या गळ्यात घातला आणि जिन्यानं खाली उतरले. नवे मास्टर सज्जन होते. म्हणाले, "माझ्याकडून हवं असेल तर पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करावं लागेल." म्हणजे पुन्हा दोन हिवाळे. कचेरीत विचारलं तर कळलं, की परीक्षक म्हणून आण्णांची नेमणूक निवृत्तीनंतरही पावसाळा लागेपर्यंत चालू आहे, तोवर त्यांची सही चालेल. उन्हाळा अर्धा सरला होता. मी रजा टाकली आणि गावी आलो.

घोटावड्याच्या फाट्यावर बस वळली आणि मी स्वतःलाच समोर पाहिलं. वीस फुटी फ्लेक्स. 'गावचे सुपुत्र कॅप्टन' आणि पुढं माझं नाव. फोनवर मी आईला 'एक सही राहिलीय' म्हणालो होतो. आईनं ते तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना सांगितलं, आणि तात्यांच्या मते एक सही म्हणजे काहीच नाही, कारण तात्या जमिनीच्या व्यवहारांत वाढलेले. माझ्यामागं बारा मजली पर्यटक जहाज लावलं होतं. आमची टग त्याच्या नांगरापेक्षा जराशीच मोठी असेल. खाली कोपऱ्यात हात जोडलेले तात्या, माझ्यापेक्षा मोठे.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी ही गत. मी तिथल्या तिथं तो फ्लेक्स उतरवायला लावायला हवा होता. मी काय केलं? संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा फाट्यावर गेलो आणि समोरच्या टपरीवर उभं राहून दोन चहा प्यायलो. कोणी "कप्तान, कवा आलात?" म्हणालं, की मी "आजच" एवढंच म्हणायचो. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आण्णांच्या गावी गेलो. त्यांचं फाटक लांबूनच ओळखू येत होतं, कारण फाटकाशेजारच्या बांबूवर दोन काळ्या दुरड्या एकाखाली एक टांगलेल्या होत्या. मी जागीच थांबलो. समुद्रावर दिवसा दोन काळे गोळे एकाखाली एक दिसले, तर त्याचा अर्थ हे जहाज ताब्यात नाही, लांब राहा. आण्णांनी बांबूच्या दुरड्या काळ्या रंगवून घरी तीच पद्धत लावली होती. एक दुरडी म्हणजे नांगर टाकलेला, आण्णा झोपलेत. दोन म्हणजे काकींशी, म्हणजे बायकोशी, भांडण झालंय. आणि बाजाराला जाताना ते पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची एक काळी पाटी चढवायचे, कारण समुद्रावर ती लांब दोरानं ओढणाऱ्याची खूण. आण्णा पुढं तरातरा चालायचे आणि काकी प्रत्येक दारात बोलत बोलत पार मागं. दूधवाल्यालासुद्धा हे सगळं पाठ झालं होतं. मला म्हणाला, "आज नका जाऊ. दोन हायेत."

काकी एकदा मला म्हणाल्या, "गाव म्हनतं, तुजा नवरा येडा हाय. म्या म्हनते, असूंदे. दुसऱ्यांचं येडं आत काय शिजवतंय कळत न्हाई. माजं निदान बांबूवर टांगून दावतंय."

त्यांच्या जुन्या जीपमधून एकदा मी माणपर्यंत गेलो होतो. कंपन्या सुटायची वेळ, रस्ता तुंबलेला, आणि एक नवीकोरी गाडी डावीकडून, उजवीकडून, मिळेल तिथून घुसत होती. आण्णांनी पाच आखूड हॉर्न दिले. पुन्हा पाच. गाडीतला गळ्यात ओळखपत्र घातलेला तरुण खाली उतरून आला. "अंकल, प्रॉब्लेम क्या है?" आण्णा शांतपणे म्हणाले, "पाच वाजीवलं म्हंजी तुमचा इरादा आमास्नी कळंना. आता तुमी सांगायचं, डावीकडं जानार का उजवीकडं." त्या बिचाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीतून बाहेर डोंगर पाहत होतो. मग तो खरंच म्हणाला, "लेफ्ट." आण्णांनी मान डोलावली आणि त्याला जाऊ दिलं.

सहीच्या बाबतीत तर गाव त्यांना टरकून असे. एकदा सरपंच कागद घेऊन आले. गावात प्रत्येक घरी संडास आहे आणि तो वापरात आहे, यावर प्रतिष्ठित नागरिक म्हणून सही हवी होती. आण्णा म्हणाले, "हाय त्ये बघितलंय. वापरात हाय, त्ये न्हाई बघितलं." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हातात टॉर्च घेऊन ते निघाले. तिसऱ्या घराच्या परड्यातून बायकांचा आरडाओरडा झाला तेव्हा सरपंचांनी येऊन अक्षरशः पाय धरले. तेव्हापासून गावानं त्यांच्याकडं सही मागायचं सोडून दिलं. आणि मी अशा माणसाकडं सही मागायला आलो होतो.

मी सगळे उपाय केले. त्यांच्या म्हशी धुतल्या. बांधाला दगड लावले. पुण्याहून मिठाई नेली, तर ती काकींनी आणि मी खाल्ली. शेवटी मला वाटलं, आपण हुशार आहोत. टगवर तालमीत दोर सोडतानाचा माझा एक व्हिडिओ मित्राकडून मागवला आणि आण्णांना दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला.

"बरा सोडलायस."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी पेन पुढं केला.

"पन ह्ये मोबाइलनं बघितलं," ते म्हणाले. "मोबाइलची सही घे."

मी त्या दिवशी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या टगवर त्यांच्याकडूनच शिकलेल्या होत्या.

मग तात्या मदतीला धावले. तात्या मदतीला धावले की आमच्या घरातले लोक आधी बसून घेतात. तात्यांनी धरणाच्या काठाला पर्यटन केंद्र काढलं होतं आणि पाण्यावर एक तराफा केला होता. प्लास्टिकच्या पिंपांवर फळ्या, फळ्यांवर हिरवा गालिचा, मागं लाल बदामाच्या आकाराची भली मोठी कमान, आणि मधोमध नवरा-नवरीची लाल मखमली खुर्ची. लग्नाआधीचे फोटो काढायला पुण्याहून जोडपी यायची. पण उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरत जातं, आणि तराफा चिखलात बसायला आला होता. तो इंजिनाच्या बोटीनं ओढून पलीकडच्या खोल कुशीत न्यायचा होता.

तात्या आण्णांसमोर म्हणाले, "आमचा कप्तान वढंल की. तुमी बगा आन् सही करा. हाय काय आन् न्हाई काय!"

मला वाटलं आण्णा आता हाकलून देणार. पण ते आत गेले, नियमांचं पुस्तक घेऊन आले आणि ओसरीवर बसून वाचत राहिले. मग म्हणाले, "पानी पायजे, म्हनतोय. खारं पायजे असं कुटं म्हनत न्हाई."

"म्हणजे चालेल?" मी उठून उभाच राहिलो.

"म्या बघीन. बघायचं काय घडलं तर सही. न्हाई घडलं तर न्हाई. आन् म्या तराफ्यावर बसनार."

मला वाटलं, म्हाताऱ्याला त्या मखमली खुर्चीत बसायची हौस आली. मला तर पक्कं ठाऊक होतं, की घडायचं काही नाही. त्या शांत तळ्यात काय संकट येणार? पण निदान गावासमोर काहीतरी ओढून दाखवता येईल आणि फ्लेक्सची थोडी तरी लाज राहील, एवढाच माझा हिशेब होता.

सकाळी पाणी आरशासारखं असतं, म्हणून सकाळी निघायचं ठरलं. पण तात्यांनी नारळ फोडायला एका पुढाऱ्याला बोलावलं होतं, आणि पुढारी दुपारी आले. तोवर काठावर अर्धं घोटावडं जमलेलं, सगळ्यांचे फोन वर. ताम्हिणीच्या बाजूला आभाळ काळवंडलं होतं आणि पाण्यावर बारीक शहारा उठायला लागला होता. मी तो पाहिला. पाहिला म्हणजे पाहिला, तिथं सबब नाही.

आण्णांनी बोटीतल्या दोराची गाठ तपासली. गाठीशेजारी त्यांनी घरून आणलेला कोयता ठेवला. तात्या म्हणाले, "शुभकामाला कोयता कशाला आनी?" आण्णा नारिंगी लाइफ जॅकेट घालून तराफ्यावर चढले आणि लाल बदामाखाली नवऱ्या मुलाच्या जागी बसले. लोक शिट्ट्या मारायला लागले. आण्णांनी आभाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"निघायचं का ऱ्हाऊंदे?"

त्या वेळी 'राहू दे' म्हणणारा माणूस खरा मास्टर. मी चाळीस मोबाइलांकडं बघत म्हणालो, "निघू की. काही होत नाही."

"तू म्हनशील तसं," आण्णा म्हणाले.

मी सुकाणूवर, तात्या पुढच्या टोकाला फेटा बांधून उभे, काठाकडं हात हलवत. मधल्या पाण्यापर्यंत सगळं झकास चाललं होतं. मी एक हात सुकाणूवर आणि एक कमरेवर ठेवला होता, फोटोत बरं दिसावं म्हणून. मग घाटातून वारा उतरला.

तो वारा मला लागायच्या आधी त्या कमानीला लागला. लाल बदामाचं शीड झालं. एवढा वेळ मुकाट मागून येणारा तराफा एकदम बाजूला पळाला, बोटीच्या बरोबरीनं आला, आणि दोर तिच्या कुशीवर ताठ झाला. बोट कलली. गुडघ्यापर्यंत पाणी आत आलं. तात्या पाटावरून घसरून माझ्या पायाशी आले.

वर्षानुवर्षं तालीम केलेला हा माणूस त्या वेळी काय करत होता? हुकाचा खटका शोधत होता. टगवर खटका असतो. या बोटीला नुसती गाठ होती, आणि त्या ताणात ती मारुतीच्या बापाला सुटली नसती. मग मला कोयता दिसला. मी तो उचलला.

"सोडू नको रं!" तात्या माझा पाय धरून ओरडले. "आण्णा हायेत त्येच्यावर! आण्णा हायेत!"

मी आण्णांकडं पाहिलं. मला वाटलं ते शिट्टी फुंकतील, हात करतील, निदान एक शिवी देतील. काही नाही. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ते माझ्याकडं बघत होते. डोळे न मिटता नुसते बघत होते. टगवर इतकी वर्षं मी ज्या नजरेला वैतागलो तीच नजर. बोट आणखी कलली. आता उलटायला वेळ लागला नसता.

मी कोयता हाणला. पहिला घाव फळीवर बसला, दुसरा दोरावर.

बोट खाडकन सरळ झाली. इंजिन बंद पडलं होतं. आणि तराफा, तो लाल बदाम आणि त्याखाली बसलेले आण्णा, वाऱ्याबरोबर लांब लांब जायला लागले. मी हाका मारत होतो, वाऱ्यात त्या मलाच ऐकू येत नव्हत्या. तात्या फेट्यानं पाणी उपसत होते आणि रडत होते. वल्हं नव्हतं. कमान मोडून पाण्यात पडली, आण्णा तेवढे दिसत राहिले. मी कोयता हातात घेऊन पाण्याच्या मध्यभागी उभा, कॅप्टन, आणि काठावर अजूनही काही जण शूटिंग करत होते. त्या क्षणी मी ठरवलं होतं, की म्हातारा जगला तर ट्रॅक्टर चालवीन.

तराफा पलीकडच्या काठाला चिखलात रुतला. तिथल्या वाडीतल्या दोघांनी आण्णांना पाठंगुळीला घेऊन कोरड्यावर आणलं. तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. 'कप्तानानं जहाज सोडलं' असं त्याच्यावर लिहिलेलं होतं, आणि अजूनही आमच्याकडं लग्नात कुणी ना कुणी तो मला दाखवतो. फ्लेक्स तात्यांनी त्याच रात्री स्वतःच्या हातानं उतरवला. त्याखाली आता आमची कडब्याची गंजी झाकलेली असते.

तोंडी परीक्षा मी नंतर दिली आणि पास झालो. परवाना मिळाला, आज मी एका टगचा मास्टर आहे. आण्णा जाऊनही आता काही वर्षं झाली. पण आण्णा म्हटलं की मला परवाना आठवत नाही. मला आठवते त्या दिवसाची संध्याकाळ.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो ते माफी मागायला. तक्ता पिशवीत होता, पण तो काढायचं धाडस माझ्यात नव्हतं. आण्णा आत चुलीपाशी घोंगडी पांघरून बसले होते. काकी चहा गाळत होत्या आणि माझ्याकडं बघत नव्हत्या.

"कागद आन," आण्णा म्हणाले.

"आण्णा, मी तुम्हाला पाण्यात सोडून दिलं."

"व्हय. आन कागद."

मी तक्ता दिला. त्यांनी शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, पेन घेतला, आणि सही करायला त्यांना फार वेळ लागला. मी कागद परत घेतला. वरच्या सगळ्या सह्या एकसारख्या, ताठ, छापल्यासारख्या. ही शेवटची मुंगीच्या पायांसारखी कागदभर वाकडीतिकडी पसरली होती.

"बगितलीस?" काकी एकदम फुटल्या. "दुपारधरनं हात थांबंना झाल्यात त्येंचं. पवाय येत न्हाई त्येस्नी, ठावं हाय का तुला? आक्खा जलम बोटीवर काढला, पन पान्यात पाय घातला न्हाई कवा. जाकीट घालून सुदिक गुडघ्याएवढ्या पान्यात उभं ऱ्हात न्हाईत, आन् त्या फळकुटावर जाऊन बसलं!"

मी चुलीसमोर मटकन बसलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी आण्णांवर ओरडलो. "मग बसलात कशाला त्याच्यावर? काठावरून दिसलं नसतं?"

आण्णांनी कपबशी उचलली.

"रिकामा तराफा कुनीबी सोडतो, लेका," ते म्हणाले.

मी रडलो. चांगला हुंदके देऊन, नाक ओढत रडलो. काकींनी मला पदर दिला. आण्णांनी कपबशी दोन्ही हातांनी धरली होती, आणि तरी त्यातला चहा घोंगडीवर सांडत होता.